माईक बदलला तरी आवाज टोचतोच? गळा आणि माईक जुळवताना काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. "ताईंचा आवाज समोर बसून ऐकला तर गोड आहे, माईकवर आला की टोचतो." साउंडवाला ट्रेबल उतरवतो. टोचणं कमी होतं, पण शब्द गढूळ होतात. मागच्या रांगेतून कुणीतरी ऐकू येत नाही म्हणून हात हलवतो आणि ट्रेबल परत वर जातो. पुढच्या गावाला दुसरा साउंडवाला, दुसरा मिक्सर, आणि पुन्हा तेच. मग कुणीतरी सुचवतं, चांगला महागातला माईक घ्या. तो घेतला जातो आणि आवाज आणखीच टोचायला लागतो.

जळगाव-धुळे पट्ट्यात कानबाईची (खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी) गाणी, भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रा आणि आता यूट्यूबवर जाणारी अहिराणी गाणी, सगळीकडे हा प्रश्न भेटतो. याची उलटी तक्रारही तितकीच ऐकू येते: बुवांचा खर्जातला आवाज माईकवर घुमतो, शब्द सुटे होत नाहीत. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून दोन्हींबद्दल इथेच लिहितो.

कुठलाही माईक सगळे नाद सारखे उचलत नाही. त्याच्या बनावटीतच काही पट्ट्यांना उठाव दिलेला असतो आणि काहींना उतार. स्टेजवर सर्वांत जास्त दिसणारा शुअरचा एसएम ५८ घ्या. १९६६ पासून तो बाजारात आहे आणि त्याचा पल्ला ५० ते १५,००० हर्ट्झ दिलेला आहे (हर्ट्झचा आकडा जेवढा मोठा, तेवढा नाद उंच). पण या पल्ल्यात तो सपाट नाही. खाली साधारण १०० हर्ट्झच्या आसपासून तो उतरत जातो आणि वर ४ ते ६ हजार हर्ट्झच्या भागात त्याला उठाव आहे. हा उठाव मुद्दाम दिलेला आहे, गर्दीच्या वाद्यांतून शब्द पुढे यावेत म्हणून. मऊ, गोल आवाजाला त्याचा फायदाच होतो. पण ज्या गळ्याची धार आधीच तिथे आहे, त्याचं काय होणार? शेवभाजी झणझणीत असताना वरून आणखी ठेचा घातल्यासारखं होतं. महागातल्या 'क्लिअर' माईकमध्ये हा उठाव बरेचदा जास्त असतो, म्हणून किंमत वाढली की टोचणंही वाढतं.

मिक्सरवर ट्रेबल उतरवून हे का सुटत नाही? साध्या मिक्सरचा ट्रेबल बहुधा १० ते १२ हजार हर्ट्झच्या वरचा भाग हलवतो. टोचणारा भाग अडीच ते पाच हजारांत असतो आणि माणसाचा कान नेमका तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे बटण एकीकडे फिरतं आणि दुखणं दुसरीकडे राहतं.

माईकला दोष देण्याआधी

नवा माईक घेण्याआधी चार गोष्टी बघायच्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पहिली गोष्ट हेडफोन. मिक्सरच्या हेडफोन जॅकमधून फक्त त्या गायिकेचं चॅनल ऐका. तिथे आवाज ठीक असेल आणि बाहेर टोचत असेल, तर दोष स्पीकरच्या टॉप बॉक्समधल्या हॉर्नमध्ये, ग्राफिक इक्वलायझरमध्ये किंवा हॉलमध्ये आहे. पत्र्याचं छप्पर आणि गुळगुळीत फरशी असलेल्या मंगल कार्यालयात कुठलाही आवाज कडक होतो. तिथे माईक बदलून काही हाती लागत नाही. मंदिरावरच्या भोंग्याचंही तसंच. भोंग्याचा पल्लाच इतका अरुंद असतो की साधा माईक आणि भारी माईक यांतला फरक त्यातून जेमतेम कळतो.

दुसरी गोष्ट इको. आपल्याकडे इको लावल्याशिवाय गायकाला गायल्यासारखं वाटत नाही, हे मला मान्य आहे. पण तपासताना तो पूर्ण बंद ठेवा. एक 'स' टोचत असेल तर इको त्याचे चार 'स' करतो, आणि शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून वाजते ती) बसायलाही मदत करतो.

तिसरी गोष्ट जाळी. माईकची गोल जाळी उघडून आतला स्पंज बघा. वर्षानुवर्षांची थुंकी, धूळ आणि लिपस्टिक बसून तो कडक झालेला असतो. त्यातून वरचे नाद अडतात आणि आवाज कोंदट येतो. मग कुणीतरी ट्रेबल वाढवून ठेवतो आणि त्या माईकवर पुढे जो कुणी गाईल तो टोचतो. जाळी फिरवून काढायची, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मगच बसवायची. कॅप्सूलला, म्हणजे आतल्या आवाज पकडणाऱ्या भागाला, पाण्याचा थेंबही लागता कामा नये.

चौथी गोष्ट हात. ऑर्केस्ट्रातली बरीच तरुण मुलं जाळी मुठीत धरून गातात. पडद्यावर ते छान दिसतं. पण एका दिशेने ऐकणारा माईक बाजूच्या आणि मागच्या फटींतून येणाऱ्या आवाजावर आपली दिशा ठरवत असतो. त्या फटी हाताने झाकल्या की तो सगळीकडून ऐकायला लागतो, मधल्या पट्ट्याला विचित्र उठाव येतो आणि शिट्टी बसते. माईक दांड्याला धरायचा. कॉर्डलेस असेल तर अगदी खालचं टोकही मोकळं ठेवायचं, कारण बहुतेकांची अँटेना तिथेच असते.

केबलमुळे आवाज टोचत नाही, पण घूं करतो. एका टोकाला एक्सएलआर (तीन पिनांचा कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ पिन (गिटारला असते तशी जाड एकेरी पिन) लावलेली लांब केबल असेल आणि शेजारून जनरेटरची लाईन गेली असेल, तर ती घूं उचलणारच. दोन्हीकडे एक्सएलआर लावा, विषय संपतो.

दोन गळे, दोन माईक

वरचं सगळं बघून झालं तरी आवाज टोचतोय, तर आता खरी तपासणी. मिक्सरची बास, मिड, ट्रेबल ही तिन्ही बटणं मधोमध ठेवा आणि इको बंद ठेवा. आधी एकाच माईकवर दोन वेगळे गळे गाऊ द्या. मग त्याच गायिकेला दोन वेगळ्या माईकवर गाऊ द्या. मिक्सरच्या आउटपुटमधून मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन शांतपणे ऐका, कारण स्टेजजवळ मोठ्या आवाजात कान फसतो. ऐकताना सगळ्या तुकड्यांचा आवाज सारख्या उंचीला आणून ऐका. जरासा मोठा असलेला तुकडा कानाला नेहमीच चांगला वाटतो.

दुसरा गळा त्या माईकवर नीट येतोय आणि हिचाच टोचतोय, तर जोडी जुळत नाही. दोघींचाही टोचतोय, तर माईकच कडक आहे किंवा बिघडला आहे. दोन्ही माईकवर हिचा टोचतोय, तर अंतर आणि कोन बघायचे.

गायचं काय, हेही महत्त्वाचं आहे. "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" यातून काहीही कळत नाही. तिने तिच्या पट्टीत मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जावं आणि कार्यक्रमात लावते तेवढ्याच जोराने गावं. आणि शब्द म्हणावेत, नुसता आकार नको. 'श', 'स', 'च' भरलेली एक ओळ आणि 'फ', 'भ', 'प' भरलेली एक ओळ. अहिराणी गाणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे. 'आहे'च्या जागी 'शे' येतो आणि ओळ सतत 'शे'वर संपते. प्रमाण मराठीत जी 'श'ची फुंकर अधूनमधून येते, ती इथे दर ओळीच्या शेवटी, थांबलेल्या जागी, एकटी ऐकू येते. माईक त्या पट्ट्यात उठाव देणारा असेल तर प्रत्येक ओळ सुरीने कापल्यासारखी संपते. अहिराणी गाणाऱ्यांसाठी माईक निवडताना ही बाब मी सर्वांत वर ठेवतो.

अंतर आणि कोन

पारोळ्याकडच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये कानबाईच्या गाण्यांची तयारी चालू होती. गाणाऱ्या ताईंचा आवाज खडा, शेतात या बांधावरून त्या बांधाला जाणारा. माईक तोंडासमोर सरळ, ओठांना जवळजवळ टेकलेला. दोन ओळी झाल्या आणि त्या स्वतःच थांबल्या.

"भाऊ, घरमा म्हनस तवय असा नही लागत मना आवाज."

"ताई, माईक हनुवटीकडे घ्या जरा. आता तोंड वर, लोकांकडे. फुंकर माईकवरून पलीकडे जाऊ द्या."

माईक चार बोटं लांब गेला आणि ओठांच्या रेषेखाली तिरका झाला. मिक्सरला हात लावला नव्हता. तीच ओळ पुन्हा म्हटली. 'शे'ची धार गेली, 'फ'चा धक्का गेला, शब्द मात्र जागेवर राहिले. शेजारी टाळ घेऊन बसलेल्या आजीबाईंनी नुसती मान डोलावली. ताई म्हणाल्या, "आते मनाच आवाज लागस."

यामागचं कारण साधं आहे. खालचे नाद तोंडातून सगळीकडे पसरतात, वरचे नाद मात्र सरळ समोर जातात, आणि 'स'-'श'ची फुंकरही तशीच. माईक त्या सरळ रेषेतून थोडा बाजूला किंवा खाली गेला, अगदी वीस-तीस अंश, तरी टोचणारा भाग पलीकडे निघून जातो आणि बाकी गळा माईकमध्ये येतो. शिवाय हे माईक स्वतःही तिरक्या बाजूने येणारे वरचे नाद थोडे कमीच उचलतात. दोन्ही गोष्टी आपल्या बाजूने काम करतात.

अंतराचं गणित थोडं उलटसुलट आहे. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) खाली येतो. पण त्याचबरोबर एका दिशेने ऐकणाऱ्या माईकमध्ये जवळ आल्यावर बास वाढतो आणि लांब गेल्यावर कमी होतो. म्हणून दोन सवयी तपासून बघाव्यात. बरेच गायक तार सप्तकात गेले की माईक झटकन हातभर लांब नेतात. आवाज कमी होतो हे खरं, पण बासचा आधारही जातो आणि मागे नुसती धार उरते. त्या जागी माईक पाव वीत लांब न्यावा, हातभर नको. बाकीचं मिक्सरवरच्या कॉम्प्रेसरला (जोराचा आवाज आपोआप दाबणारी सोय) करू द्यावं. दुसरी सवय याच्या उलटी. मऊ गाणारे लोक ऐकू येत नाही म्हणून जाळी ओठात घालून गातात, मग बास इतका चढतो की शब्दच बुडतात.

कुठल्या गळ्याला काय

अंतर आणि कोन नीट करूनही अडचण राहिली तरच माईक बदलायचा. बदलताना नावावर जाऊ नका, खोक्यातल्या कागदावर एक आलेख असतो, तो बघा. आडव्या रेषेवर हर्ट्झ, उभ्या रेषेवर डीबी. २ हजार ते ८ हजार हर्ट्झच्या भागात रेषा किती वर जाते, तेवढंच आधी बघायचं. दोन-तीन डीबीचा उठाव सौम्य, सहा डीबीच्या वर गेला तर चांगलाच धारदार. आलेख दिलेलाच नसेल तर तो माईक कानाने तपासल्याशिवाय घेऊ नये.

खडा, पहाडी, लोकगीताचा मोकळा आवाज. खानदेशात हा गळा फार आहे आणि चुकीच्या माईकमुळे सर्वांत जास्त हाल त्याचेच होतात, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. या गळ्यात ताकद भरपूर असते, माईकने त्याला पुढे ढकलायची गरज नसते. त्याला मधल्या-वरच्या भागात शक्य तितका सपाट असलेला डायनॅमिक (एसएम ५८ सारखा, वीज न लागणारा) माईक हवा. कंडेन्सर (जास्त संवेदनशील, वीज लागणारा माईक) स्टेजवर घेऊच नये असं नाही, पण स्वस्त कंडेन्सर वरच्या भागात चमकतो आणि या गळ्याला ती चमक सोसत नाही. स्टँडवर उभं राहून किंवा बसून गाणाऱ्यांसाठी इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० हा फार चांगला नमुना आहे. तो बराच सपाट आहे आणि जवळ-लांब झालं तरी बास फारसा हलत नाही, कारण त्याची बनावटच त्यासाठी केलेली आहे. पण तो जड आहे, हातात धरून फिरायचा नाही, आणि किंमतही भजनी मंडळाच्या आवाक्यातली नाही. आवाक्यात राहायचं असेल तर साधा एसएम ५८ चार बोटं अंतर ठेवून तिरका धरलेला, हाच या गळ्याला बऱ्याच महाग माईकपेक्षा बरा जातो. त्याच कंपनीचा बीटा ५८ए त्याहून उजळ आहे, या गळ्यासाठी तो मी सुचवणार नाही.

या गळ्याच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्या. टोचणं हे वरच्या स्वराचं नसतं. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ आणि तार षड्ज ४१५. हे आकडे टोचण्याच्या पट्ट्यापासून खूप खाली आहेत. टोचतात ते त्या स्वराबरोबर उठणारे सहायक नाद, आणि मोकळ्या गळ्यात ते अडीच-तीन हजारांच्या वर जोरात उठतात. म्हणून "ताई, पट्टी उतरवा" हा सल्ला देऊ नका. पट्टी उतरवून गळ्याचा जीव जातो आणि टोचणं तिथेच राहतं. मिक्सरवर मिडची जागा सरकवता येत असेल, तर तीन-साडेतीन हजारांवर नेऊन तीन डीबी उतरवा, चारपेक्षा जास्त नको.

खर्जाचा, भारदस्त आवाज. कीर्तनकार, भजनातले ज्येष्ठ बुवा. इथे उठाव असलेला माईक लागतो, म्हणजे एसएम ५८ चालतो आणि त्याहून उजळ माईक आणखी चालतो. घुमणं कमी करायला लो कट (ठरावीक हर्ट्झखालचे नाद कापणारं बटण) दाबतात, तो बरोबरच आहे, पण किती हर्ट्झवर आहे ते बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम १०४ वर येतो. लो कट १२० वर असेल तर बुवांचा खालचा पंचम तुम्हीच कापला. तिथे ८० ठेवा. काळी चारच्या बाईंसाठी मात्र १२० बिनधास्त लावा, त्यांचा मंद्र पंचम १५६ हर्ट्झवर आहे. स्टेजवरच्या पायांचा धप्प आवाज आणि वाऱ्याची घरघर तेवढीच कमी होते.

श्वास भरलेला, हळू गाणारा आवाज. भावगीत गाणाऱ्या मुली, लहान मुलं. यांना संवेदनशील माईक हवा, नाहीतर गेन (माईकचा सिग्नल वाढवणारं बटण) इतका वाढवावा लागतो की ढोलकीच जास्त ऐकू येते. शांत सभागृहात चांगला कंडेन्सर या गळ्यावर सुंदर लागतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम (मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज) लागते आणि ती मिक्सरवर चालू आहे का, ते आधी बघा. "नवा माईक बंद पडला" या तक्रारीत पुष्कळदा एवढंच निघतं.

नाकातला आवाज. याचा उठाव बहुतेकदा ८०० ते १,५०० हर्ट्झच्या भागात असतो. माईक बदलून इथे फार फरक पडत नाही, मिक्सरवर त्या भागात थोडं उतरवलं की भागतं.

शिट्टी थांबतच नाही

माईक गळ्याला छान बसला, पण मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) उघडला की शिट्टी. इथे माईकच्या दिशेचा विचार करावा लागतो. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकचे दोन मुख्य प्रकार. कार्डिओइड माईक बरोबर मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर, माईकच्या थेट पाठीमागे ठेवायचा. सुपरकार्डिओइड मात्र बरोबर मागून थोडं ऐकतो. तो सर्वांत कमी ऐकतो समोरून मोजल्यास साधारण १२६ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत. साधा माईक काढून भारी सुपरकार्डिओइड आणायचा आणि मॉनिटर पूर्वीच्याच जागी समोर ठेवायचा, असं केलं की नव्या माईकवर जुन्यापेक्षा जास्त शिट्टी येते आणि माईक परत करायला निघतात. मॉनिटर कोपऱ्यात सरकवा, बहुधा तेवढ्यावर भागतं. माईकवर हृदयाचा आकार छापलेला असेल तर तो कार्डिओइड. त्या आकाराच्या मागे छोटी शेपटी असेल तर सुपर किंवा हायपर.

भजनी मंडळात अडचण वेगळी असते. आठ जण बसलेले, सहा माईक उघडे, पेटीला एक, पखवाजाला एक. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी बसण्याआधी मिळणारा वाव साधारण ३ डीबीने घटतो. जो गात नाही त्याचा माईक खाली घ्या. दोन माईकमधलं अंतर तोंड ते माईक या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे शेजारच्याचा आवाज आपल्या माईकमध्ये येऊन पोकळ लागणार नाही. कोरसला चार माईकपेक्षा दोन चांगले. पेटीवर गाणाऱ्याचा माईक पेटीच्या भात्याकडे बघत असेल तर भात्याची फुसफुस गळ्यात मिसळते आणि दोष गळ्याला जातो. दांडा थोडा वरून घ्या.

घरी रेकॉर्ड करताना

यूट्यूबसाठी घरी गाणारे आता गावोगाव आहेत आणि बहुतेक जण पहिला माईक कंडेन्सर घेतात, कारण व्हिडिओत सगळीकडे तोच दिसतो. चांगल्या कंडेन्सरमध्ये बारकावे खूप येतात. पण तो खोलीही तितक्याच मनापासून उचलतो: फरशी, कोऱ्या भिंती, पंखा, बाहेरचा ट्रॅक्टर. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात कूलर बंद करून किती वेळ गाणार? गळा कोरडा पडतो, घामाने जीव नकोसा होतो आणि तिसऱ्या टेकला आवाज बसतो. अशा खोलीत डायनॅमिक माईक चार बोटांवर घेऊन गाणं केव्हाही बरं. कूलर शक्य तितका लांब ठेवा आणि माईकची पाठ कूलरकडे करा. कार्डिओइड मागचं कमी ऐकतो, हा गुण इथे पुरेपूर उपयोगी पडतो. गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. माईक ऐकतो तो त्याच दिशेला, म्हणून गोधडी तिथे हवी.

डायनॅमिक घेताना एक अडचण ध्यानात ठेवा. शुअरचा एसएम ७बी पॉडकास्टवाल्यांमुळे प्रसिद्ध झाला आहे आणि खड्या गळ्यावर तो खरोखर छान बसतो. त्याच्या पाठीवर बास उतरवायचा आणि मधला भाग चढवायचा असे दोन स्विच आहेत, खड्या गळ्यासाठी मधला स्विच बंदच ठेवा. पण त्याचा सिग्नल फार हलका आहे. त्याला साधारण ६० डीबी गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारा डबा) तिथे पोहोचेपर्यंत सूं आवाज करायला लागतो. आधी इंटरफेसचा गेन बघा, मग माईक. एसएम ५८ त्यामानाने जोरात सिग्नल देतो आणि घरच्या रेकॉर्डिंगलाही चालतो. त्याला कमी समजू नका.

पावसाळ्यात कंडेन्सर चुरचुरला तर घाबरून जाऊ नका. दमट हवेत तसं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा हवा ओलीच असते. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा आणि कार्यक्रमाच्या थोडं आधी बाहेर काढा.

घेताना

दुकानात एकाच माईकवर बोलून घेऊ नका. गायकाला सोबत न्या, त्याला त्याच्या पट्टीत, त्याच्या जोराने गाऊ द्या. दुकानात गायला लाजत असेल तर ओळखीच्या साउंडवाल्याकडून दोन-तीन वेगळे माईक एका संध्याकाळसाठी भाड्याने घ्या आणि घरी रेकॉर्ड करा. एवढ्या भाड्यात चुकीच्या माईकचे हजारो रुपये वाचतात. निवड झाली की तो माईक गायकाने स्वतःचा म्हणून ठेवावा आणि प्रत्येक कार्यक्रमाला सोबत न्यावा. गावोगाव साउंड बदलणार, हॉल बदलणार, निदान गळ्यासमोरची वस्तू तरी तीच राहील. सोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: लो कट कितीवर, मिड कुठे आणि किती उतरवलेला, मॉनिटर कुठे. पुढच्या गावच्या साउंडवाल्याला ती चिठ्ठी द्या. "दादा, एवढ्यावर सुरू करा, मग हॉलप्रमाणे बघा," असं सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट त्याचा साउंड चेकचा वेळ वाचतो.

एसएम ५८ ची नक्कल बाजारात भरमसाठ आहे आणि ती हुबेहूब दिसते. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून घेतलेला माईक टोचत असेल, तर आधी तो खरा आहे का ते बघा. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम आहे, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केबल काढून ठेवून बघा. वजन बरोबर आलं म्हणजे खरा असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ठळकपणे हलका भरला तर तो नक्कीच खोटा. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच घ्या, आणि गायिकेसोबत केलेलं ते भाड्याच्या माईकचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. नवा माईक आला की त्याच खोलीत, त्याच अंतरावर तीच ओळ पुन्हा गाऊन दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ऐका. फरक ऐकू आला तर परत करायची मुदत संपायच्या आत तो दुकानात घेऊन जा.